भेगेवरची काच

मी काच बोलतेय. निदान आत्तापर्यंत तरी माझी तशीच समजूत होती. पण अलीकडे लोकांनी मला इतक्या नावांनी हाक मारली आहे की माझा माझ्यावरचाच विश्वास उडत चाललाय. काच म्हणावं तर मी 'ती'. तुकडा म्हणावं तर 'तो'. पुरावा म्हणतात, तेव्हाही 'तो'. आणि शेजारच्या बांधकामावरच्या सुपरवायझरने मला 'भंगार' म्हटलं, त्या दिवशी तर मी 'ते' होऊन बसले. बोटभर रुंदीच्या अंगात तीन तीन लिंगं वागवणं सोपं नाही हो. त्यातून आता माझे दोन भाग झालेत. म्हणजे 'मी' म्हणायचं की 'आम्ही', हेही मला कुणी सांगितलेलं नाही. सवयीने 'मी' म्हणते. सांभाळून घ्या.

पण थांबा. 'सांभाळा' हा शब्द मी जपूनच वापरायला हवा. सगळा घोटाळा त्या शब्दानेच केलाय.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळून लालबुंद झाली, तिचा गोळा एका माणसाने लांब नळीच्या टोकाला उचलला आणि गाल फुगवून फुंकला. त्याच्या श्वासातला चिमूटभर श्वास माझ्या अंगात अडकून राहिला, अशी माझी आपली समजूत आहे. तांदळाच्या दाण्याएवढा एक बुडबुडा. मला पसरून, सपाट करून, थंड झाल्यावर त्याने उजेडाकडे धरलं आणि तोंड वाकडं केलं.

"डाग आहे."

दुसरा म्हणाला, "राहू दे. वरच्या मजल्यावर बसवू. तिथे कोण बघतंय?"

त्याला काय ठाऊक! शहरात नव्या जन्मलेल्या माणसाची नजर ज्या उजेडाकडे पहिल्यांदा वळायची, तिथेच मला बसवलं गेलं. ते सूतिकागृह होतं. तळमजला दगडाचा, वरचे दोन मजले विटांचे, कमानीच्या उंच खिडक्या आणि मधोमध गोल वळत जाणारा जिना. त्या जिन्याच्या पायऱ्या मुद्दाम बुटक्या ठेवल्या होत्या. दिवस भरलेल्या बाईला चढताना दम लागू नये, आणि लागलाच तर टेकता यावं म्हणून प्रत्येक वळणावर भिंतीतच एक दगडी बैठक होती. ज्याने हे आखलं त्याचं नाव आता कुणालाही माहीत नाही. पण कागदावर रेघ ओढताना त्या माणसाने कुणाच्या तरी दुखऱ्या पायांचा विचार केला होता, हे त्या पायऱ्या अजूनही सांगतात. जुन्या इमारतींना लोक 'सुंदर' म्हणतात. मला वाटतं, निम्म्या वेळा त्यांना 'समजूतदार' म्हणायचं असतं.

बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीतून मी माणसं पाहिली. खाली रस्त्यावर उभे राहून बाप माझ्याकडे टक लावून बघायचे. जणू निकाल माझ्यावरच लिहून येणार होता. आत आया ओरडायच्या, मग क्षणभर सगळं चिडीचूप व्हायचं, आणि मग एक बारीक, रागीट, नवीकोरी आरोळी यायची. त्या आरोळीने मी थरथरायचे. खोलीतले सगळे हसायचे. कुणी रडलं म्हणून बाकीच्यांनी हसावं, हे मला तेव्हाही कळायचं नाही.

या आरोळ्या काढून घेणारी बाई म्हणजे मावशी. ती इथली सुईण. जन्मणाऱ्याला पहिला हात तिचा लागायचा, म्हणून ती साऱ्या गल्लीची मावशी. तिचा धाकटा भाऊ खिडक्यांना काचा बसवायचा. मावशीचा भाऊ म्हणून तो ओघानेच सगळ्यांचा मामा. आता कुणाला मामा म्हटलं की लोकांच्या जिभेला खाज सुटतेच. "याला काय मामा बनवायचं? हा आयताच मामा आहे," हा विनोद गल्लीत इतका जुना की पोरं तो बोबड्या बोलातही करायची. मामा स्वतःही हसायचा. त्याचा स्वभावच असा, की दुसरा जे शब्द बोलेल ते तो जसेच्या तसे घ्यायचा आणि जसेच्या तसे पाळायचा. त्याचा स्वतःचा असा एकच नियम होता. फुटलेली काच संध्याकाळपर्यंत खिडकीत राहता कामा नये. "फुटकी काच म्हणजे घराचा पडका दात," म्हणायचा आणि सूर्य मावळायच्या आत नवी बसवायचा.

पुढे बाळंतपणं मोठ्या इस्पितळात गेली. खाली दवाखाना उरला. वरच्या दोन खोल्यांत मावशी आणि मामा राहिले. ती म्हातारी होऊन, तो इमारतीचा राखणदार होऊन. मावशीचे गुडघे गेले तशी ती जिना उतरेनाशी झाली. कुणी विचारलं तर म्हणायची, "मी आता खाली उतरणार ती चौघांच्या खांद्यावरूनच." लोक हसायचे. मामा हसायचा नाही. तो मान डोलवायचा, जणू कुणी त्याच्यावर जबाबदारीच सोपवली होती. ताईला या घरातून जिवंतपणी हलवायचं नाही, एवढं त्याने मनाशी बांधून ठेवलं. माझ्या पुढच्या सगळ्या कहाणीत त्याला हवं होतं ते एवढंच.

मग शेजारची बैठी दुकानं एका आठवड्यात भुईसपाट झाली आणि तिथे पत्र्याचं कुंपण आलं. कुंपणावर भलंमोठं चित्र लागलं. उंच चकचकीत इमारत, तिच्या गच्चीत कप घेऊन उभं असलेलं जोडपं, आणि ते जोडपं कौतुकाने खाली बघतंय. कुणाकडे? तर आमच्याकडे! आमच्या कमानी, आमचा दगड, अगदी माझी खिडकीसुद्धा त्यात होती. वर अक्षरं, 'जुन्या शहराच्या कुशीत नवं घर'. मी आनंदून गेले होते. आमची किंमत कुणालातरी कळली असं मला वाटलं. मग यंत्रं आली, जमिनीत खांब ठोकू लागली, आणि त्या धक्क्याने त्याच आठवड्यात मी तावदानाच्या चौकटीतच आडवीतिडवी तडकले. ज्या इमारतीचं दृश्य विकायला काढलं होतं, तिलाच हे लोक हादरवत होते. यातलं नेमकं खरं प्रेम कुठलं, चित्रातलं की जमिनीतलं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

मामाने संध्याकाळच्या आत नवं तावदान बसवलं. पण माझा धड उरलेला भाग, बुडबुडा होता तो, त्याने फेकला नाही. जुन्या काचेला एक लाट असते, तिच्यातून पाहिलं की समोरची भिंत पाण्यातल्यासारखी हलते. "अशी काच आता होत नाही," म्हणाला आणि मला कपाटामागे उभं करून ठेवलं.

तिथून मला बाहेर काढलं ते इंजिनिअर बाईंनी. जुन्या इमारतींवर लक्ष ठेवणाऱ्या कचेरीने त्यांना पाठवलं होतं. वयाने लहान, पायात मळके बूट, खांद्यावर पिशवी, आणि अर्ध्या शहराच्या भिंती एकटीच्या डोक्यावर. खोल तळघर खणण्यासाठी शेजारी पंप लावून जमिनीतलं पाणी रात्रंदिवस उपसत होते. पाणी गेलं की माती बसते, आणि मातीवर जे उभं असतं तेही तिच्याबरोबर बसू लागतं. आमच्या जिन्याच्या भिंतीत, वरच्या वळणाजवळ, एक बारीक तिरपी भेग आली होती. बाईंनी तिच्यावर नख फिरवलं.

"मामा, काचेची पट्टी लावते हिच्यावर. अरे देवा... पट्ट्या संपल्या वाटतं."

"काच? काचेला काय तोटा आमच्याकडे!" मामाने काच कापायची हिरकणी काढली आणि मला सरळ रेषेत कापलं. बोटभर रुंद, वीतभर लांब. डाव्या टोकाशी बुडबुडा.

"हा डाग चालेल?"

"चालेल की. छान दिसतोय."

भेगेच्या अलीकडे प्लॅस्टरचा एक गोळा, पलीकडे एक गोळा, त्या दोघांत मी आडवी घट्ट बसले. माझी दोन्ही टोकं जिथे संपतात तिथे बाईंनी भिंतीवर पेन्सिलीने एकेक उभी रेघ मारली आणि फोटो काढला.

"आता हे कसं चालतं?" मामाने विचारलं.

"सोपं आहे. भिंत हलली की भेग रुंदावते. काच काही ताणली जात नाही, ती फुटते. फुटली की मला लगेच कळवायचं. मी शेजारचं खोदकाम थांबवू शकते."

"आणि नाही फुटली तर?"

"मग उत्तमच! काच शाबूत, तर इमारत शाबूत." बाई भराभरा उतरल्या. वळणावरून मागे बघून ओरडल्या, "मामा, काच सांभाळा हं!"

मामाने मान डोलवली. मला तेव्हाच धस्स व्हायला हवं होतं. पण मी माझ्याच गोंधळात होते. आयुष्यभर मला एकच धडा मिळाला होता, फुटायचं नाही. चेंडू आला, वारा आला, चिमणी येऊन आपटली, तरी टिकायचं. आणि आता म्हणतात, वेळ आली की फूट, तेच तुझं काम! नाही फुटले तर शाबासकी, फुटले तरी शाबासकी. मग मी नक्की कशाची आस धरायची?

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर दवाखान्याच्या पायरीवर चहा पीत बसला होता. डोक्यावर कायम पिवळं हेल्मेट, म्हणून गल्लीत त्याला पिवळी टोपी म्हणत. माणूस वाईट नव्हता. जाता-येता मावशीच्या खिडकीला सलाम ठोकायचा.

"मामा, वर काच लावलीय म्हणे?"

"हो. फुटली तर तुमचं काम बंद!" मामाने ऐटीत सांगितलं.

"आमचं काय, चार दिवस बंद राहील. पण नोटीस कुणाला येईल पहिली? तुम्हाला. काच फुटली म्हणजे इमारत धोकादायक. धोकादायक म्हणजे रिकामी करा. आणि रिकामी झाली की..." त्याने तळहात आडवा करून हवेतून फिरवला. "मावशींना कुठे नेणार?"

गल्लीत नंतर सगळे म्हणाले की पिवळ्या टोपीने मामाला टोपी घातली. पण मला तसं छातीठोकपणे म्हणवत नाही. बाई खरं बोलल्या होत्या, आणि हाही खोटं बोलत नव्हता. माझ्या फुटण्याने इमारत वाचणार होती आणि माझ्या फुटण्यानेच तिच्यातली माणसं बाहेर पडणार होती. एकच काच, एकच तडा, आणि अर्थ दोन, एकमेकांकडे पाठ करून उभे. मामाने त्यातून आपल्यापुरता तिसराच अर्थ काढला. काच शाबूत, तर इमारत शाबूत. मग काच शाबूत ठेवायची. झालं!

मी फुटले ती दुपारची वेळ होती. खाली दवाखान्यात कुणीतरी खोकत होतं, पलीकडे पंप घरघरत होता. उजव्या टोकाला कुणीतरी हळूच ओढतंय असं मला वाटलं. मी धरून ठेवलं. मग ओढ वाढली. धरू की सोडू, धरू की सोडू, असं मनात चाललेलं असतानाच 'टक्' असा आवाज झाला. तो माझाच होता, हे मला मागाहून कळलं.

मामा धावत आला. आधी माझ्याकडे बघितलं, मग वर ताईच्या दाराकडे, मग खाली रस्त्याकडे. पायरीवर बसला. बराच वेळ बसून राहिला. आणि मग उठून हत्यारांची पिशवी घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधाल तर सापडायची नाही. फुटकी काच संध्याकाळपर्यंत ठेवायची नसते, आणि बाईंनी सांगितलंय, सांभाळा. त्याने प्लॅस्टर खरवडून मला अलगद सोडवलं, माझ्या जागी नवी पट्टी पेन्सिलीच्या रेघेपासून रेघेपर्यंत बरोब्बर कापून बसवली. मला केरात टाकलं तर कुणाच्या पायात जाईल, म्हणून जुन्या बाळंतखोलीतल्या एका तामचिनी वाडग्यात ठेवून वाडगं मावशीच्या खोलीत दाराशेजारच्या फळीवर ठेवलं. तिथून जिन्याची भिंत दिसायची. माझ्या जागी दुसरी कुणीतरी माझं काम करतेय, हे मी तिथून बघत बसले.

बाई आल्या. पट्टी पाहिली. "वा! ठणठणीत." फोटो काढला आणि गेल्या. त्या काचेत तडा शोधत होत्या, काच शोधत नव्हत्या. मी फळीवरून बघत राहिले. ओरडायला मला तोंड कुठे होतं? माझी एकमेव आरोळी मी आधीच देऊन बसले होते, आणि ती पुसली गेली होती.

पुढे ती नवी पट्टीही फुटली. मामाने तिसरी बसवली. मग तीही. बाई येत, खूश होऊन जात. कचेरीत कळवत की इमारत जागची हललेली नाही. पलीकडे पंपाचा जोर वाढला. मावशीच्या खोलीचं दार घासायला लागलं. मामाने दाराला रंधा मारला.

एका सकाळी तो मावशीच्या पायांना तेल चोळत बसला होता. चेहरा पडलेला.

"ताई, काच आटते का गं?"

"काय?"

"म्हणजे लाकूड वाळलं की आखूड होतं ना, तशी काच?"

"दात पडले तुझे, आता अक्कलही पडायला लागली का? काच कशी आटेल?"

"मग माझाच हात चुकतोय. म्हातारा झालो. जिन्यातली पट्टी बाईंच्या रेघेपासून रेघेपर्यंत कापतो. दर खेपेला आधीच्या मापाने कापली की तोकडी पडते. केसभर वाढवून घ्यावी लागते."

मावशी उठून बसली. "दर खेपेला म्हणजे? किती खेपा कापलीस तू?"

मामा तेलाची वाटी उगाचच पुसत राहिला.

"अरे, ती फुटते की काय?"

"फुटते... पण मी लगेच बदलतो ना. संध्याकाळपर्यंत ठेवत नाही."

"बाईंना सांगितलंस?"

"सांगितलं की घर रिकामं करायला लावतील. आणि बाईच म्हणाल्या होत्या, काच सांभाळा म्हणून."

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. मग ती बोलली ती अगदी सावकाश, जशी पूर्वी घाबरलेल्या पहिलटकरणीशी बोलायची.

"मूल जन्मलं की काय करतं रे?"

"रडतं."

"आणि नाही रडलं तर मी काय करायची?"

"पाठीवर चापट मारायचीस."

"का? मला हौस होती? अरे, ते रडतं म्हणून आपल्याला कळतं. तू काय केलंस? मूल रडलं की दर वेळी त्याच्या तोंडावर हात ठेवलास, आणि बाहेर येऊन सांगितलंस, बाळ अगदी शांत आहे."

मामाचे डोळे भरले. "तुझ्यासाठीच केलं. तू म्हणतेस ना, खाली उतरणार ती चौघांच्या खांद्यावरूनच."

"अरे गाढवा! ते म्हणायचं असतं! म्हातारी माणसं म्हणतात तसं! तू काय ते लिहून घेतलंस?" ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. पण इतकी वर्षं न सुटलेलं माझं एक कोडं तेवढं त्या सकाळी सुटलं. बाळंतखोलीत रडणं ऐकून सगळे का हसायचे ते.

मामाने त्याच दिवशी बाईंना बोलावणं धाडलं. त्या आल्या. मामाने मान खाली घालून सगळं सांगितलं. बाई आधी पांढऱ्याफटक पडल्या, मग लाल झाल्या.

"मामा, मी कचेरीला लेखी देत होते! इमारत जागची हललेली नाही म्हणून! माझ्या सहीने!"

"ओरड त्याला," मावशी आतून म्हणाली. "पोटभर ओरड. मग हे घे." आणि तिने तामचिनी वाडगं पुढे केलं.

बाईंनी मला बाहेर काढलं. माझे दोन तुकडे एकमेकांना जुळवले. जिन्यात नेऊन माझं डावं टोक डाव्या रेघेवर ठेवलं. उजवं टोक उजव्या रेघेपर्यंत पोचलंच नाही. जन्मभर मी कुठे कमी पडले नव्हते, आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर तोकडी पडले. रेघेत आणि माझ्यात एक नाणं उभं सरकेल एवढी जागा उरली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई म्हणाल्या, "काच आटली नाही, मामा. भिंत फाकलीय."

तेवढ्यात पिवळी टोपी वर आली. गल्लीत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही.

"मॅडम, फुटक्या काचा बाजारात ढिगाने मिळतात. हे भंगार म्हणजे पुरावा का? उद्या कुणीही आखूड तुकडा आणून धरेल भिंतीला. त्यात मधे काचा बदलल्या हे यांनी स्वतःच कबूल केलंय."

बाईंनी हातातले तुकडे पुन्हा जुळवून पाहिले. त्याचं म्हणणं खोडता येईना. मामा भिंतीला टेकून उभा होता. आपण जिला जपत होतो तिलाच आपण मुकं केलं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. तेवढ्यात आतून मावशीचा आवाज आला.

"पोरी, मुलांची अदलाबदल झाल्याची ओरड झाली की आम्ही काय बघायचो, ठाऊक आहे? जन्मखूण!"

बाईंनी पहिल्या दिवशीचा फोटो शोधून काढला. पट्टीच्या दोन टोकांना दोन पेन्सिलीच्या रेघा, आणि डाव्या टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढा बुडबुडा. हातातला तुकडा त्यांनी उजेडाकडे धरला. भट्टीतल्या त्या माणसाने धरला होता तसाच. पिवळी टोपी फोटोकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि शेवटी भिंतीतल्या त्या दगडी बैठकीवर बसली. डाग आहे म्हणून मला वरच्या मजल्यावर लपवलं होतं. त्या डागानेच मी मी ठरले.

दुसऱ्या दिवशी पंप थांबला. इतके दिवस घरघर ऐकून शांतता कानाला बोचायला लागली. आणि त्याच दुपारी नोटीस आली, इमारत धोकादायक आहे, रहिवाशांनी ताबडतोब बाहेर पडावं. दोघंही खरं बोलले होते, म्हणाले ना मी!

मावशीला एका खुर्चीत बसवलं. खुर्ची धरायला मामा, इंजिनिअर बाई, दवाखान्यातला कंपाउंडर. चौथं माणूस कोण? पिवळी टोपी जिन्याच्या तोंडाशी घुटमळत होती.

"ये की," मावशी म्हणाली. "खाली ओढायला तूच होतास ना, आता खाली न्यायलाही ये."

तो आला. खुर्ची उचलण्याआधी डोक्यावरचं हेल्मेट काढून त्याने मावशीच्या पांढऱ्या केसांवर ठेवलं. "धोकादायक इमारतीत याच्याशिवाय वावरायचं नाही, मावशी. नियम आहे."

"म्हणजे मलाही टोपी घातलीस म्हण!"

जिनाभर हसू घुमलं. चौघं खांद्याला खांदा लावून उतरू लागले. कुणालाच दम लागला नाही, खुर्ची कुठे हिंदकळली नाही. अर्ध्या वाटेवर बाई थबकल्या. "या पायऱ्या..." म्हणाल्या. "किती बुटक्या आहेत!" दगडी बैठकीवर क्षणभर खुर्ची टेकवली. ज्याने तो जिना आखला त्याने वर जाणाऱ्या बायकांचा विचार केला होता. खाली येणाऱ्या म्हातारीलाही तो पुरला. मावशी डोळे उघडे ठेवून, भिंतीला हात लावत, चौघांच्या खांद्यावरून उतरली. तिचं म्हणणं असं खरं झालं, पण भलत्याच अर्थाने. वाडगं तिच्या मांडीवर होतं, वाडग्यात मी.

आता माझा बुडबुड्याचा भाग बाईंच्या कचेरीत आहे. निर्णय लागेपर्यंत तिथेच राहणार म्हणे. दुसरा भाग, त्याचं माप आणि फोटो घेऊन झाल्यावर, मावशीपाशी, तिच्या भाचीच्या घरी, उंच इमारतीत, खिडकीच्या कडेवर. तिथली काच माझ्याहून दसपट मोठी, डाग नाही, लाट नाही. तिच्यातून खूप लांबचं दिसतं. आमचं घर तेवढं दिसत नाही. मी यातल्या कुठल्या तुकड्यातून बोलतेय, असं विचाराल तर मलाही सांगता यायचं नाही.

इमारतीला लोखंडी टेकू लागलेत. आत कुणी नाही. शेजारच्या खड्ड्यात पाणी परत चढलंय. कुंपणावरचं चित्र तसंच आहे, ते जोडपं अजून कौतुकाने खाली बघतंय. दुरुस्ती होईल की पाडतील, कुणी म्हणतं हे, कुणी म्हणतं ते. मी फुटले ते बरं झालं की वाईट, याचा मला अजूनही उलगडा होत नाही. फुटले म्हणून भिंत उभी आहे. फुटले म्हणूनच भिंतीमागचा दिवा विझलाय.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत कुठे काहीतरी तडकल्याचा आवाज आला, तर झाडू घ्यायला धावू नका. रंग, पुट्टी, नवी काच हे सगळं मागाहून. आधी विचारा, कशाने तडकलं? कोण ओढतंय? आणि माझ्यासारखं कुणी फुटलेलं दिसलं, तर त्याला ओरडू द्या.

माझ्या जागी आता भेगेवर एक नवी पट्टी आहे. मामाला राखणदार म्हणून बाईंकडून आत जायची परवानगी मिळालीय. तो रोज जातो. डोक्यावर पिवळं हेल्मेट, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधलेले, आणि पट्टीसमोरच्या दगडी बैठकीवर बसून राहतो. परवा पिवळ्या टोपीने खालून हाक मारली, "काय मामा, काच सांभाळताय का?"

"नाही रे," मामा म्हणाला. "ऐकतोय."